वेगळं भरणारे

हिवाळ्यात मी आमिष विकते आणि वसंतात लोकांचे कर भरून देते. दुकानाच्या पाटीवर दोन्ही धंदे एकाखाली एक रंगवलेले आहेत: 'जिवंत आमिष' आणि खाली 'आयकर'. बाहेरून आलेला माणूस पाटी वाचून हसतो. इथला हसत नाही. माझ्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात लोणी आणि खालच्या कप्प्यात गांडुळं असतात, हे त्याला ठाऊक असतं. माणूस गळाला काय लावतो आणि कागदावर काय लिहितो, या दोन गोष्टी कळल्या की त्याच्याबद्दल कळून घ्यायचं फारसं काही शिल्लक राहत नाही.

तिसरा धंदा तिकिटांचा, पण तो माझा नाही, अग्निशमन दलाचा. जानेवारीत ही मंडळी इंजिन काढलेली एक जुनी गाडी ओढत हिल्मा सरोवराच्या मध्यावर नेऊन उभी करतात. गाडीला साखळी, साखळीचं दुसरं टोक किनाऱ्यावरच्या झाडाला. शिवाय एक तार, ती माझ्या दुकानाच्या भिंतीवरच्या घड्याळाला. वसंतात बर्फ वितळून गाडी बुडाली की तार ओढली जाते आणि घड्याळ थांबतं. ज्याने तिकिटावर अंदाजाने लिहिलेली तारीख-वेळ सर्वांत जवळची, तो अर्धी रक्कम घेऊन जातो. उरलेल्या अर्ध्यात दलाचे नवे पाइप येतात. मग साखळीने गाडी ओढून काढायची. एकाच वर्षी साखळी तुटली. ती गाडी हिरवी होती, लेम्पी आणि तिचा नवरा वाइनो यांची, आणि ती अजून खालीच आहे. वाइनो गेल्यापासून तळाशी ती फिरत असते असं लेम्पी म्हणते. बर्फ पातळ झाला की तिला हॉर्न ऐकू येतो.

लेम्पी तिकिटासाठी आली त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की सरोवर कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं हे कुणी पैज लावूनही सांगितलं नसतं. त्या पांढऱ्या पोकळीत गाडी तेवढी दिसत होती, कशावरही न टेकलेली. लेम्पी त्याच धुक्यातून दारात उगवली, टोपीवर दव घेऊन.

"एक तिकीट दे. आणि एक शंका आहे."

"तिकीट दोन डॉलर. शंका कराची असेल तर फुकट. माशांची असेल तर तुलाच माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"किनारा विकतेय मी, सेल्मा."

मी पेन्सिल खाली ठेवली. किनारा म्हणजे लेम्पीच्या घरासमोरची पाण्यालगतची पट्टी. तिच्यावर वाइनोने देवदाराच्या ओंडक्यांचा सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची खोली, बांधला होता. वाइनो गेला, सौना राहिला, आणि दर शनिवारी त्याच्या धुराड्यातून धूर निघतो म्हणून आम्हाला शनिवार कळतो.

"कुणाला विकतेस? त्या शिकागोवाल्याला? जो सौनाला सॉना म्हणतो?"

"तोंडाने काय म्हणतो ते त्याचं तो बघेल. चेकवर बरोबर लिहितो ना."

"पण तुला पैसे कशाला हवेत? तू कॉफीचा गाळणकागद दोनदा वापरतेस."

"तीनदा." तिने टोपी काढून काउंटरवर झटकली. "सेन्याचं शिक्षणाचं कर्ज फेडते. म्हणजे ती आणि आर्वो एकदाची लग्न करतील. काल मी मेले, तर लग्न बघायला कोण येणार? राखेच्या बरणीतून बघू?"

काल म्हणजे उद्या. दोन हिवाळ्यांपूर्वी लेम्पीच्या डोक्यात रक्ताची एक बारीक गुठळी अडकली आणि तिचे शब्द सांडून गेले. सेन्या आमच्या शाळेत मुलांना बोलायला शिकवते, म्हणजे ज्यांची जीभ अडखळते, ज्यांना 'र' येत नाही, त्यांना. ती शाळा सुटल्यावर चित्रांचे पत्ते घेऊन लेम्पीकडे यायची आणि एकेक शब्द वेचून परत जागेवर ठेवायची. चमचा, खिडकी, अस्वल, सगळे परत आले. फक्त काल आणि उद्या यांनी आपापसांत जागा बदलल्या. त्या तशाच राहू द्या, असं लेम्पीच म्हणाली. या वयात त्याने काही बिघडत नाही.

आणि आर्वो हा लेम्पीचा मुलगा. त्याच्या नावाचा आमच्या पूर्वजांच्या भाषेत अर्थ 'मोल', आणि हल्ली ते बरंच वाढलंय: शहरातले श्रीमंत लोक त्याच्याकडून ओंडक्यांचे सौना बांधून घेतात आणि मग त्यात दहा मिनिटं बसून घाबरून बाहेर पळतात. सेन्याच्या बोटात त्याची अंगठी बरीच वर्षं आहे. लग्न मात्र नाही. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चमध्ये कॉफी असते, तिथे यावर बोलणं होतंच. सेन्याने आर्वोला हप्त्यांवर घेतलंय, असंही कुणीतरी म्हणालं. कोण ते सांगत नाही. चांगलं वाक्य होतं.

"आर्वो म्हणतो, तीन वर्षांनी तिचं कर्ज माफ होणार, मग लग्न," लेम्पी म्हणाली. "माफ! माफी कसली गं? पोरीने गुन्हा काय केलाय? आमच्या घरात आजवर कुणी माफी मागितली नाही."

"ते मला माहीत आहे. वाइनोने माझ्या बापाची होडी बुडवली तेव्हापासून."

"तो विषय वेगळा."

सेन्याचे कागद दर वसंतात माझ्याच हाताखालून जातात, त्यामुळे मला सगळं ठाऊक होतं. पण माझ्या टेबलावरचं टेबलावरच राहतं. (आज सांगतेय, कारण पुढे लेम्पीनेच ते गावभर केलं.) मी एवढंच म्हटलं, "शनिवारपर्यंत सही करू नकोस. सौना तापव. सेन्याला बोलव, मीही येते."

"शनिवारीच येतोय तो, कागद घेऊन."

"मग कॉफी जास्त कर. आणि तिकिटावर तारीख काय लिहू?"

"यांच्या लग्नाची."

"ती अजून नाहीये, लेम्पी."

"मग कळली की लिही." दोन डॉलर ठेवून ती धुक्यात गेली. पहिल्या चार पावलांनंतर ती दिसेनाशी झाली. नुसता बुटांचा आवाज तेवढा माझ्या दारापाशी रेंगाळत राहिला.

शनिवारी दुपारी आम्ही तिघी सौनाच्या वरच्या फळीवर बसलो होतो. खिडकी लहान, बाहेर सगळं पांढरं, आत सगळं काळं आणि सोनेरी. दगडांवर पाणी पडलं की वाफ आधी छतापाशी जाते, मग मागून येऊन खांद्यांवर हात ठेवते. थोड्या वेळाने आपलं अंग कुठे संपतं हेही नीट कळत नाही. खोटं बोलायची इथे पद्धत नाही. कपड्यांबरोबर तेही बाहेर खुंटीला टांगायचं असतं. भिंतीपलीकडे आर्वो लाकडं फोडत होता. कुऱ्हाडीचा आवाज वाफेतून यायचा तो फार लांबून, दुसऱ्याच कुठल्यातरी हिवाळ्यातून आल्यासारखा वाटायचा.

"किती आहे कर्ज?" लेम्पीने सरळ विचारलं.

सेन्याने आकडा सांगितला. लेम्पीने पळी उचलली, पाणी टाकलं नाही, तशीच धरून बसली.

"एवढं घेतलं होतंस?"

"नाही. घेतलं होतं कमी. वाढलंय."

"सात वर्षं भरतेयस ना?"

"भरतेय. पण हप्ता कर्जावर ठरत नाही, लेम्पी. माझ्या कमाईवर ठरतो. शाळेचा पगार लहान म्हणून हप्ता लहान. हप्ता इतका लहान, की व्याजसुद्धा पुरतं भरत नाही. उरलेलं व्याज मागे साचत जातं."

लेम्पीने विचार केला. "म्हणजे मासा केवढा आहे ते बघत नाहीत. धरणाऱ्याच्या मनगटात जोर केवढा ते बघतात."

"हो," सेन्या हसली. "आणि मासा पाण्यात मोठा होत राहतो."

"मग तो कधी बाहेर येणार?"

"यायचाच नाही. सरकारी शाळेत दहा वर्षं काम करायचं. दर महिन्याचा हप्ता वेळेवर. दरवर्षी कमाईचा कागद पाठवायचा, तो विसरला तर सगळं अडतं. असं सगळं पुरं झालं, की दोर कापतात. मासा गेला. तीन वर्षं राहिलीत माझी."

"आणि शब्द फिरवला तर?"

"नियम बदलत असतात. दर निवडणुकीनंतर मी तो नियम पुन्हा वाचून बघते." सेन्याने गुडघे जवळ घेतले. "म्हणून एकेक पावती जपून ठेवलीय. याहून जास्त काय करू शकते मी?"

लेम्पीने आता पाणी टाकलं. दगड फुत्कारले. वाफेत तिघींची तोंडं गेली, नुसते आवाज उरले.

"पण माफी का म्हणतात?" लेम्पीचा आवाज आला. "तू काय केलंयस?"

"काही नाही. शब्द चुकीचा निवडलाय त्यांनी. तुमच्याकडे पत्ते घेऊन बसलो होतो तेव्हा तुम्ही चमच्याला अस्वल म्हणायचात ना, तसं." सेन्या थांबली. "शहरात मला बराच जास्त पगार मिळाला असता. सरकार म्हणालं, जिथे कुणी जात नाही तिथे जा, दहा वर्षं राहा, उरलेलं आम्ही बघतो. माफी नाही ती. उशिरा येणारा पगार आहे."

"मग माझे शब्द परत दिलेस, ते कुठल्या खात्यात?"

"ते कुठल्याच खात्यात नाहीत, लेम्पी."

"सेल्मा, असं चालतं का? खात्यात नसलेलं?"

"माझ्या टेबलावर नाही चालत," मी म्हटलं. "पण आत्ता आपण टेबलावर नाही. आणि लग्नाचं बोल आता, नाहीतर मी इथे शिजून जाईन."

मीच सुरुवात केली. "लग्न झालं आणि दोघांनी एका कागदावर कर भरला, तर आर्वोची कमाईही हिच्या कमाईत धरतात. हप्ता एकदम चौपट. पण दुसरी चौकट आहे. तिच्यावर खूण केली की फक्त हिचीच कमाई बघतात. हप्ता आहे तेवढाच राहतो."

"मग करा ना खूण! अडलंय कुठे?"

"चौकटीचं नाव सांग, सेन्या."

"विवाहित," सेन्या हळूच म्हणाली. "पण..."

"वेगळं भरणारे," मी पुरं केलं.

बाहेरची कुऱ्हाड थांबली.

आमच्या गावात हे दोन शब्द कुणी सहज उच्चारत नाही. लेम्पीची धाकटी बहीण औने, तिचा नवरा एका शरद ऋतूत अलास्काला मासळीच्या कामासाठी म्हणून गेला आणि परतलाच नाही. घटस्फोट नाही, पत्र नाही. त्या वसंतात चर्चच्या कॉफीला कुणीतरी विचारलं, औने आणि तो कसे आहेत? उत्तर मिळालं, "औने आता वेगळं भरते." तेव्हापासून गावात कुणाचा संसार मोडला की 'ते वेगळं भरतात' असंच म्हणतात. लहान मुलंसुद्धा म्हणतात, कर म्हणजे काय हे कळायच्या आधी. आणि औने अजून चर्चच्या मागच्या दारातून येते.

भिंतीपलीकडून आर्वोचा आवाज आला. "मी केव्हाच हो म्हटलंय! तिलाच चालत नाही!"

"तू कान बाहेर ठेव!" लेम्पी ओरडली.

"बाहेरच आहेत, आई. मी अख्खाच बाहेर आहे."

"मला माझं काही नाही," सेन्या म्हणाली. "मी बाहेरची, मला लोक चार दिवस बोलतील. पण तुमच्यासमोर कुणी म्हणालं असतं, आर्वो आणि सेन्या वेगळं भरतात, तर? औनेमावशीनंतर पुन्हा तुमच्याच घरात? म्हणून म्हटलं, तीन वर्षं थांबू. मग एकाच कागदावर सही करू, आणि कुणाला काही बोलायला जागाच राहणार नाही."

वाफ विरत गेली आणि लेम्पीचा चेहरा हळूहळू परत आला, ओला, लाल, एखाद्या फार जुन्या फोटोतल्यासारखा.

"ते उत्तर मी दिलं होतं," ती म्हणाली. "कॉफीला. औनेबद्दल."

मला ते माहीत होतं. सेन्याला नव्हतं.

"नवरा टाकून गेला असं कसं सांगणार? कराचा शब्द सुचला. कागदावरचा, स्वच्छ. मला वाटलं झाकलं जाईल. उद्या झालं ते." म्हणजे काल. म्हणजे फार वर्षांपूर्वी. "आणि तोच शब्द तिच्या दारावर पाटीसारखा लागला. मी काढलाही नाही."

तिने पळी बादलीत ठेवली. "सेल्मा, वेगळं भरण्यात नुकसान काय?"

"कर थोडा जास्त जातो. एकदोन सवलती बुडतात. दोन्ही बाजू मांडून बघितल्यात मी. करात जाईल बादलीभर, हप्त्यात वाचेल तळंभर."

"आणि मी किनारा विकून फेडलं असतं तर?"

"तर तीन वर्षांनी पुसलं जायचं कर्ज फेडायला तू वाइनोचा सौना दिला असतास. आणि पुढे दर शनिवारी त्या शिकागोवाल्याला यातून पळताना बघितलं असतंस."

तेवढ्यात बाहेर मोटारीचा आवाज झाला. दार वाजलं. धुक्यातून एक सभ्य आवाज म्हणाला, "माफ करा, सॉनामध्ये कुणी आहे का?"

"सॉनात कुणी नाही!" लेम्पी आतून गरजली. "सौनात आम्ही तिघी आहोत, आणि तिघीही उघड्या आहोत! कॉफी घरात आहे, कागद गाडीतच ठेवा!"

माणूस चांगला होता बिचारा. वेणीसारखा विणलेला वेलचीचा अख्खा पाव खाल्ला, दुसरा बांधून घेतला आणि सही न घेता गेला. त्याने कर्जाचा विषय काढला असता तर मी फुकट सल्ला दिला असता.

"काल लग्न करा," लेम्पीने त्याच दिवशी दोघांना सांगितलं. बर्फ असेपर्यंत किनाऱ्यावर, सौनासमोर. तारीख कळल्यावर मी नियमाप्रमाणे तिकिटावर लिहिली. वेळ विचारली, तर म्हणाली, "कॉफीनंतर."

लग्नाच्या दिवशी धुकं परत आलं, पण पातळ, उन्हाने आतून उजळलेलं. बर्फ राखाडी झाला होता आणि अधूनमधून कण्हत होता. झोपेत कुणीतरी कूस बदलावी, तसा आवाज. गाडी अजून मध्यावर उभी होती, चाकांपर्यंत पाण्यात, स्वतःच्याच सावलीवर तरंगत. पाद्रीबाबांनी विचारायचं ते विचारलं, दोघांनी म्हणायचं ते म्हटलं. सेन्याच्या शाळेतल्या मुलांनी गाणं म्हटलं. त्यात 'र' फार होते, आणि एकही चुकला नाही.

मग लांब टेबलावर कॉफी. औने टेबलाच्या अगदी शेवटी बसली होती, अंगातला कोट न काढता. कप भरले गेले तसा लेम्पीने चमचा वाजवला आणि उभी राहिली.

"ऐका," ती म्हणाली. "आर्वो आणि सेन्या वेगळं भरणार आहेत."

टेबलावर कुणी हललं नाही. पाद्रीबाबांचा हात साखरेवर थांबला. कुणीतरी सेन्याच्या बोटातल्या अंगठीकडे बघितलं, ती आहे का अजून म्हणून. संसार सुरू होऊन तास झाला नव्हता.

"मोडलं नाहीये काही," लेम्पी म्हणाली. "कागदावरची चौकट आहे ती. तिने हप्ता कमी राहतो. सेल्माला विचारा, तिला सगळं कळतं, गांडुळांसकट. हा शब्द पहिल्यांदा मीच कॉफीच्या टेबलावर आणला, माझ्या बहिणीबद्दल. तेव्हा खालच्या आवाजात आणला. आज मोठ्याने सांगतेय. माझी सून वेगळं भरते. आणि माझी बहीणही वेगळंच भरते. कुणाला काही म्हणायचंय?"

सगळ्यांनी टेबलाच्या शेवटाकडे पाहिलं. औनेने कप खाली ठेवला, तोंड पुसलं आणि कोटाची बटणं एकेक करून सोडायला लागली.

"बरं झालं," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्या चौकटीत एकटीच बसले होते. या, पोरांनो. जागा आहे पुष्कळ."

आधी सेन्या हसली, मग आर्वो, मग सगळं टेबल. लेम्पी मात्र हसली नाही. ती टेबलाच्या कडेकडेने शेवटपर्यंत चालत गेली आणि बहिणीशेजारी बसली. बसताना तिने औनेचा कोट उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, म्हणजे औनेला तो पुन्हा घालून निघता येऊ नये.

गाडी नेमकी कधी गेली ते कुणी पाहिलं नाही. मी वळून बघितलं तेव्हा मध्यावर काळं पाणी होतं, आणि एक गोल लाट अजिबात घाई न करता आमच्याकडे येत होती. तार ओढली गेली होती. घड्याळ पाहायला मी दुकानाकडे निघाले. कुणीतरी हिशेब ठेवायलाच हवा. (रक्कम गेली दलातल्याच एका माणसाला. लेम्पीची तारीख बरोबर होती, पण 'कॉफीनंतर' ही वेळ नियमात बसत नाही. तिने दोन डॉलर परत मागितले. मी दिले नाहीत.)

जाताना त्या दोघींच्या बाकामागून गेले. त्या पाण्याकडे बघत होत्या.

"ऐकलास?" लेम्पी विचारत होती. "हॉर्न."

औने थोडा वेळ ऐकत राहिली. "वाइनो एकटाच चालवतोय का अजून?"

"आजवर एकटाच होता. आता मागोमाग दुसरी गाडी गेली ना."

"तिला तर साखळी आहे. चार दिवसांत ओढून काढतील."

"काढू दे," लेम्पी म्हणाली. "कालपर्यंत तरी सोबत आहे."